पोचा आलेली पळी

त्या रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मामाच्या गाडीवर पुढील वस्तू होत्या. चोवीस लिटरचं एक पातेलं, आतून रेघ मारलेलं. एकतीस वाडगे, त्यांतल्या चारांचे काठ उडालेले. सहा स्टुलं, त्यांतलं एक डुगडुगणारं. सूप वाढायचा एक डाव. मीठमसाला मोजायची एक पळी, काळी पडलेली, बुडाला चांगला पोचा आलेली. मिठाचा डबा, मिरपुडीची बाटली, व्हिनेगरचा कॅन. तोटी असलेलं पाण्याचं एक पिंप. आणि या सगळ्याच्या मधोमध, सुट्टीच्या दिवशीही गाडी सोडून घरी न गेलेला एक मामा.

ही मोजदाद भाचीने केली होती आणि ती बिनचूक होती. तिची मोजदाद बिनचूकच असायची! सहाव्या वर्षी तिने मांजराची शेपटी सलग चौदा दिवस मोजली होती आणि 'वाढ नाही' असं घरात जाहीर केलं होतं. तेव्हापासून घरात तिचं नाव मोजपट्टी. लाडात आलं की पट्टी. पुढे ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हा मामाने गल्लीभर सांगितलं, "टाकीत चिमूटभर मीठ टाका, कुठल्या कोपऱ्यात टाकलं तेही आमची पट्टी सांगेल!"

तर ही पट्टी आठवड्याची रजा काढून मामाच्या गाडीवर हजर झाली होती आणि छाती पुढे काढून सांगत होती, "मामा, पुढच्या रविवारपर्यंत या गाडीला सोनेरी चमचा लागला नाही, तर मी प्रयोगशाळेत पाऊल ठेवणार नाही!"

सोनेरी चमच्याचं पत्र शुक्रवारी आलं होतं. चोखंदळ खवय्यांसाठी दरवर्षी एक जाडजूड पुस्तक निघतं. ज्या हॉटेलांत रुमालाची घडी हंसासारखी घालतात आणि ताटात ताटच जास्त दिसतं, अशा हॉटेलांची त्यात नावं असतात. त्यांतल्या मोजक्यांना भिंतीवर लावायला सोनेरी चमचा मिळतो. या पुस्तकाचा कुणी परीक्षक दोन महिन्यांपूर्वी वाट चुकून की काय, मामाच्या गाडीवर आला होता. भाज्यांचं सूप प्यायला होता आणि गप गेला होता. आता पत्र म्हणत होतं की गाडीची निवड झाली आहे. फक्त पडताळणी बाकी आहे. येत्या सोमवार ते शनिवार यांपैकी एका दिवशी परीक्षक ओळख न देता पुन्हा येतील आणि चव पूर्वीसारखीच आढळली तर चमचा कायम होईल.

"म्हणजे काही बदलायचं नाही, एवढंच ना?" मामी म्हणाली. ती घरी बसून रोज बारा किलो भाजी चिरायची आणि तेवढ्याच बारीक चिरीव वाक्यांत बोलायची.

"चव नाही गं बदलायची, मामी! बाकी सगळं बदलायचं!"

मामाने पत्राची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. शुक्रवार ते रविवार त्याने ती घडी अकरा वेळा उघडली. (हेही पट्टीनेच मोजलं.) मामा पूर्वी मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी होता. त्या हॉटेलाच्या भिंतीवर असाच चमचा होता आणि शेवटच्या महिन्यात त्याच्यावरून रोज फडकं फिरवायचं काम मामाकडे होतं. हे तो हसत हसत सांगायचा. शेगडीवरच्या माणसाच्या हातात फडकं कसं काय आलं, हे विचारायचं पट्टीच्या कधी डोक्यात आलं नाही. "साहेबाशी पटलं नाही, दिलं सोडून," एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

मामा जेवायला घरी गेला आणि पट्टीने बाह्या सरसावल्या.

डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली साडेचार मिलिमीटरची चकती बसवली. काठ उडालेले चार वाडगे बाद. शेजारच्या शिंप्याने गाडीच्या फळीसाठी पांढराशुभ्र कपडा शिवून दिला. वर म्हणाला, "चारी बाजूंनी दुहेरी टीप घातली आहे. परीक्षकाला उलटून बघू दे!" मग तिने पुठ्ठ्याचे शंभर बिल्ले कापून त्यांवर नंबर घातले. यापुढे धक्काबुक्की नाही. ज्याचा नंबर, त्याला सूप!

शेवटी नजर गेली पळीवर. पांढऱ्या कपड्यासमोर ती पळी म्हणजे लग्नाच्या फोटोत घुसलेला गवंडी! मामा त्या पळीने मीठ मोजायचा, मिरपूड मोजायचा, व्हिनेगर मोजायचा. रेघेपर्यंत पाणी, दोन सपाट पळ्या मीठ, अर्धी पळी मिरपूड, एक पळी व्हिनेगर. अकरा वर्षं हाच क्रम. म्हणजे नवी पळी अगदी त्याच मापाची हवी, एवढं पट्टीला कळत होतं. तिने खिशातून टेप काढला. जुन्या पळीचं तोंड : नऊ सेंटिमीटर. मग ती भांड्यांच्या दुकानात गेली आणि सतरा पळ्या मोजून नऊ सेंटिमीटर तोंडाची एक चकचकीत पळी घेऊन आली. तिच्या दांड्यावर कोरलं होतं : १२० मिली. पट्टीने ते वहीत टिपूनही ठेवलं.

तेवढ्यात भंगारवाला ढकलगाडी घेऊन चालला होता. जुनी पळी आणि एक फुटका डबा त्याला देऊन पट्टीने त्याच्याकडून प्लॅस्टिकचा एक निळा मग घेतला. सौदा झकास झाला, असं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला मामाने पळी टांगायच्या खिळ्याकडे हात नेला आणि तो हात तसाच थांबला.

"ही कुठली?"

"नवी! मापाला तंतोतंत तीच. मोजून आणली."

मामाने पळी हातात फिरवली. "जड लागते."

"नवी आहे म्हणून."

"जुनी कुठंय?"

"ठेवली आहे," पट्टी म्हणाली. आपण खोटं का बोललो, ते तिचं तिलाही कळलं नाही. सकाळच्या घाईत ते तोंडातून निघून गेलं.

मामा क्षणभर पळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू मोजलीस ना?"

"मोजली!"

"मग झालं तर." आणि त्याने मिठाचा डबा उघडला.

दोन सपाट पळ्या.

पावणेसातला भुवईआजोबा आले. हे टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. चेहरा साधा, पण भुवया मात्र दोन दात घासायचे ब्रश आडवे चिकटवल्यासारख्या, पांढऱ्या आणि राठ. रोज पहिला वाडगा त्यांचा असायचा, तोही फुकट. ते पहिला घोट घ्यायचे आणि मामा डाव हातात धरून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. पट्टीने हे आदल्या खेपेलाच हेरलं होतं. रोज सहा मिनिटं वाया! मामाचं मन मऊ, दुसरं काय?

"आजोबा, तुमचा बिल्ला," ती म्हणाली. तोवर चमच्याची बातमी फुटली होती आणि गर्दी बँकेच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती.

आजोबांनी चष्मा वर करून बिल्ला वाचला. "त्रेचाळीस?"

"आता रांग लावली आहे ना. सगळे सारखे!"

"पोरी, अडतीस वर्षं मी खिडकीच्या आतून लोकांना रांगेत उभं केलं," आजोबा शांतपणे म्हणाले. "त्रेचाळिसावा माणूस खिडकीशी येईपर्यंत काय होतं, ते मला ठाऊक आहे. खिडकी बंद होते." बिल्ला पांढऱ्या कपड्यावर ठेवून ते निघून गेले. मामा पातेल्यावर वाकलेला होता. त्याला दिसलंच नाही.

पहिला वाडगा शिंप्याला मिळाला. त्याने घोट घेतला. डोळे किंचित मोठे झाले. पण समोर खांबाला पट्टीने पत्राची मोठी केलेली प्रत टांगलेली होती, मागे अठ्ठ्याण्णव माणसं उभी होती आणि त्यांतला कुणीही परीक्षक असू शकत होता! शिंप्याने फोटोला बसल्यासारखी मान ताठ केली, ओठ पुसले आणि म्हणाला, "वा! आज काही वेगळीच उंची आहे!"

झालं! पहिल्याने उंची म्हटल्यावर दुसऱ्याची काय बिशाद खारट म्हणायची? दवाखान्यातली नर्स म्हणाली, "चव कशी भरदार आहे." टॅक्सीवाला बराच वेळ गिळत राहिला आणि म्हणाला, "मोठ्या लोकांचं खाणं असंच असतं. आपल्याला सवय नाही, एवढंच." सगळा रस्ता असा ताठ, गंभीर आणि कृतार्थ चेहऱ्याने सूप पीत होता, जणू कुणी कौतुकाचं भाषण करतंय आणि मधेच उठून जायची सोय नाही. मामा एकेकाच्या चेहऱ्याकडे बघायचा. सगळे चेहरे इस्त्री केलेले!

"भुवईआजोबा आले नाहीत का गं?" त्याने तीनदा विचारलं.

"येतील मामा, नंबर लागला की येतील."

नऊ वाजता पिंपातलं पाणी संपलं. एरवी एक पिंप दिवसभर पुरायचं. त्या दिवशी चार लागली. पट्टीने वहीत नोंद केली : 'पाणी : चौपट. कारण : ऊन.'

त्या दिवशी आभाळ होतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे आणि ती पट्टीला अजूनही सांगवत नाही. सोमवारी दहा वाजता तिने स्वतः वाडगाभर सूप घेतलं. जी बाई टाकीतल्या पाण्यातलं चिमूटभर मीठ शोधून त्याचा पगार घेते, तिच्या जिभेला कळायला किती वेळ लागणार? पहिल्याच घोटाला कळलं. भलतंच खारट!

"मामा," ती म्हणाली, "आज मीठ..."

मामा गर्रकन वळला. "का? काय झालं मिठाला?" आणि तिच्या तोंडाकडे असा बघत राहिला की जणू डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवणार आहे.

पट्टीच्या मनात आलं, परीक्षक या क्षणी रांगेत असेल. आत्ता मामाचा धीर गेला तर हात कापेल, सगळंच बिघडेल. आणि अकरा वर्षं सूप करणाऱ्याला आपण मीठ शिकवायचं? मामाने मुद्दामच वाढवलं असेल, चमच्यासाठी. तिने मान खाली घालून बिल्ले जुळवले आणि म्हणाली, "काही नाही रे. फक्कड झालंय!"

मामाच्या खांद्यांवरून मणभराचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "तू म्हणतेस म्हणजे झालंच," तो म्हणाला आणि पुढचा वाडगा भरला.

मंगळवारी एक माणूस आला. कपडे कडक, हातात वही. वाडग्याकडे वाकून बघतो, गाडीखाली बघतो, मान हलवून काहीतरी टिपून घेतो! रांगेतून कुजबुज विजेसारखी पळाली. पट्टीने त्याला बिल्ल्याशिवाय चकती लावलेल्या स्टुलावर बसवलं आणि लागोपाठ तीन वाडगे पाजले. तिसऱ्यानंतर त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अश्रू!" शिंपी पट्टीच्या कानात म्हणाला. "चमचा आलाच म्हणून समज!"

"पाणी मिळेल का?" तो माणूस म्हणाला. "आणि शिंप्याचं दुकान कुठलं? मी विजेचं मीटर बघायला आलोय."

बुधवारी सहा पिंपं पाणी लागलं. पट्टीने 'ऊन' खोडून 'गर्दी' लिहिलं.

गुरुवारी मामी गाडीवर आली. एरवी ती गाडीकडे फिरकत नसे. रोज उरलेलं सूप डब्यातून घरी यायचं आणि तेच तिचं चार घास जेवण. या आठवड्यात गर्दीपुढे थेंब उरत नव्हता. म्हणून चिरलेल्या गाजरांची पाटी घेऊन ती स्वतःच आली, डावाने थोडं सूप तळहातावर घेतलं आणि चाटलं.

तिने पाटी खाली ठेवली. पट्टीचं मनगट धरून तिला शिंप्याच्या दुकानामागे नेलं.

"हे किती दिवस चाललंय?"

"काय?"

"पट्टे, मला शिकवू नकोस. घसा सोलवटून निघाला माझा. किती दिवस?"

"सोमवारपासून," पट्टी म्हणाली. "पण मामाने चाखलं असेलच ना? त्याला चालतंय म्हणजे..."

मामी तिच्याकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यांना चव लागत नाही गं. अकरा वर्षं झाली. तापातून उठले ते जिभेला काही कळेनासंच झालं. गोड नाही, आंबट नाही, काही नाही. हॉटेलात एकदा एकाच भांड्यात दोनदा मीठ पडलं, मग हातात फडकं आलं. मग तेही गेलं."

पट्टीला शिंप्याच्या कैचीचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

"ही गाडी टाकली तेव्हा पहिल्याच दिवशी पळी रस्त्यावर पडून तिला पोचा आला," मामी म्हणाली. "म्हटलं असू दे. महिनाभर मी चाखत होते, हे मोजत होते. पोच्यासकट माप बसवलं. वर रोज सकाळी त्या म्हाताऱ्याच्या भुवया आहेतच. दोन्ही वर गेल्या की मीठ जास्त. एकच गेली की कमी. हलल्या नाहीत की ह्यांचा दिवस सुरू. म्हाताऱ्याला बापड्याला ठाऊकही नाही. ह्यांची जीभ म्हणजे ती पळी आणि त्या भुवया. आणि तू विचारतेस, चाखलं असेलच ना!"

पळी आणि भुवया! पट्टीने एका दिवसात दोन्ही घालवल्या होत्या. एक भंगारात आणि एक त्रेचाळिसाव्या नंबरावर.

दोघी वळल्या तर दुकानाच्या कोपऱ्याशी मामा उभा होता. हातात पाण्याचं रिकामं पिंप होतं. तो किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक.

"खारट आहे?" त्याने विचारलं.

मामीने होकारार्थी मान हलवली.

"किती?"

"बरंच," मामी म्हणाली.

मामाने पिंप खाली ठेवलं. कमरेचं फडकं सोडलं, त्याची चौकोनी घडी केली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. रांगेत साठ माणसं होती. "आज बंद," तो एवढंच म्हणाला. आवाज इतका हळू होता, की लोक बिल्ले मुकाट्याने परत करून गेले.

"मामा, चूक माझी आहे!" पट्टी धावत त्याच्यामागे गेली. "पळीची! मी नुसतं तोंड मोजलं. पोट मोजलंच नाही! जुनीला आतून पोचा होता, तिच्यात कमी मावत असणार. नवीत जास्त..."

मामा हसला. ते हसणं बघवत नव्हतं. "पट्टे, तू मांजराची शेपटी चुकली नाहीस, पळी काय चुकशील? मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"अरे, खरंच!"

"हातच गेला माझा. जीभ गेली तेव्हा वाटलं होतं, हात तरी आहे. आता तोही गेला." आणि तो घराकडे चालू लागला. आयुष्यभर जी गोष्ट मिरवली, की ती मोजण्यात चुकत नाही, तीच आता मामा तिच्यापुढे धरत होता आणि स्वतःला दोषी ठरवत होता.

शुक्रवारी, शनिवारी गाडी उघडली नाही. शनिवारी दुपारी पत्र आलं. मामाने ते पट्टीकडे दिलं. "तूच वाच."

तिने वाचलं. परीक्षक बुधवारी सकाळी येऊन गेले होते. बिल्ला क्रमांक सतरा. टेबलावरचा कपडा : दहापैकी दहा. रांगेची शिस्त : दहापैकी दहा. भांड्यांची अवस्था : दहापैकी दहा. चव : दहापैकी तीन. शेरा : 'पहिल्या भेटीत मिठाचा जो तोल आम्हांला थक्क करून गेला, तो आढळला नाही. हातात सातत्य नाही. सबब निवड मागे घेत आहोत. कपड्याची टीप विशेष उल्लेखनीय.'

"'सातत्य नाही,'" मामा म्हणाला. "हॉटेलातल्या साहेबानेही हेच शब्द वापरले होते." त्याने खिशातलं आधीचं पत्र काढलं, दोन्हींची एकत्र घडी केली आणि ट्रंकेत टाकली. "गाडी विकून टाकू. शिंप्याचा मेव्हणा विचारत होता. मीठमिरचीचं काम आता माझ्या हाती सोपवू नये कुणी."

चमचा गेला त्याचं पट्टीला वाईट वाटलंच. पण गाडी? ती उठली, नवी पळी आणि निळा मग पिशवीत टाकला आणि चपला घालून बाहेर पडली.

भंगारवाला घरी होता. पट्टीने हकीकत सांगितली. त्याने कान खाजवला. "पळी? काळी? पोचा आलेली? ताई, लोक मला पोचा नसलेली वस्तू कशाला देतील? ते बघा!" कोपऱ्यात एक ढीग होता. पट्टीने मोजल्या. चौसष्ट पळ्या! ती मांडी घालून बसली आणि टेप काढला. नऊ सेंटिमीटर तोंडाच्या निघाल्या सात. सातही काळ्या. सातही पोचा आलेल्या! जी पळी तिने अकरा वर्षं येता-जाता पाहिली होती, ती तिला ओळखता येईना.

"सातही न्या," भंगारवाला म्हणाला. "पण बदल्यात काहीतरी द्या बाबा."

तिने निळा मग आणि नवी कोरी पळी त्याच्यापुढे ठेवली. तो दांडा वाचून म्हणाला, "एकशेवीस मिली! माप लिहिलेली वस्तू भंगारात? कमाल करता!" मग पट्टीने ती नवी पळी घाईघाईने परत उचलली. ती पुराव्याला लागणार होती. त्याऐवजी तिने हातातलं घड्याळ काढून दिलं.

तिथून ती भुवईआजोबांकडे गेली. आजोबांनी दार उघडलं, तिला पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या भुवया तिच्यासाठी हलल्या. खाली, दोन्ही.

"त्रेचाळीस," ते म्हणाले.

"आजोबा, मी चुकले," पट्टी म्हणाली. पिशवीतल्या सात पळ्या एकमेकींवर आपटत राहिल्या. आजोबांनी तिला आत बसवलं आणि तिने सगळं सांगितलं, भुवयांसकट.

"मला वाटायचं, माझ्यावर जीव आहे म्हणून फुकट पाजतो," ते म्हणाले.

रविवारी सकाळी सगळे गाडीपाशी जमले. मामा, मामी, भुवईआजोबा आणि शिंपी. शिंप्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो होताच. मामा यायला तयार नव्हता. "चला, उठा," एवढंच मामी म्हणाली आणि तो आला. आजोबांसमोर मात्र तो ओशाळा झाला.

"आजोबा, तुम्हांला ठाऊक नव्हतं... मी असा तुमचा उपयोग..."

"फुकट सूप प्यालो अकरा वर्षं," आजोबा म्हणाले. "पण खरं सांग. नुसत्या भुवयांसाठीच होतं का रे ते?"

"नाही हो," मामा खाली बघत म्हणाला. "आधी भुवयांसाठी. मग सवय झाली तुमची."

पट्टीने पांढऱ्या कपड्यावर सातही पळ्या मांडल्या. "मामा, डोळे मीट."

"कशाला?"

"मीट रे!"

मामाने डोळे मिटले. तिने पहिली पळी त्याच्या हातात दिली. त्याने ती जराशी तोलली आणि खाली ठेवली. "नाही." दुसरी. "नाही." तिसरीला तर त्याने नीट धरलंही नाही. चौथी हातात आली आणि त्याची बोटं आपोआप दांड्यावर सरकली, अंगठा पोच्यापाशी जाऊन बसला. मनगट एकदा वळलं, सपाट मीठ मोजताना वळायचं तसं.

"ही," तो म्हणाला. "ही कुठे होती?"

मामीने तोंड दुसरीकडे केलं.

पट्टीने पिशवीतून प्रयोगशाळेतलं काचेचं नळकांडं काढलं, रेघारेघांचं, आणि ते सपाट फळीवर ठेवलं. आठ दिवसांपूर्वी, या पळीला भंगारात देण्याआधी, जे करायला तिला एक मिनिटही लागलं नसतं, ते ती आता करत होती. तिने नवी पळी पाण्याने काठोकाठ भरली आणि नळकांड्यात ओतली. मामा बघत होता. नळकांडं रिकामं केलं, पुसलं. मग जुनी पळी तशीच काठोकाठ भरून ओतली आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणून वाचलं. तीनदा ओतलं, तीनदा वाचलं. मग वही मामाच्या बाजूला वळवून, त्याला दिसेल असं, तिने लिहिलं :

नवी पळी : एकशेवीस मिलिलिटर.

जुनी पळी : अठ्ठ्याहत्तर मिलिलिटर.